पहिल्या रांगेतलं ताट

अक्का माणसं थांबवायची. तो तिचा मुख्य धंदा. नाच बसवणं हा जोडधंदा. "थांब" हा शब्द ती असा टाकायची, की समोरच्याचा एक पाय हवेत असेल तर तो हवेतच राहायचा. रिक्षा, लग्नाची वरात, नगरसेवकाचं भाषण, तिला सगळं सारखंच. एकदा बसवनगुडीत तिनं एक अख्खं बँडपथक रस्त्यात उभं केलं आणि ढोलवाल्याला विचारलं, "तुझा पट्टा उलटा आहे, मान दुखत नाही का रे?" त्याची मान सहा वर्षं दुखत होती. पट्टा सरळ करून होईपर्यंत नवरदेव घोड्यावर घाम पुसत बसला होता. आम्ही तिच्या माघारी तिला 'थांबअक्का' म्हणायचो. तिला ते माहीत होतं. "तोंडावर म्हणा की," म्हणायची. "माघारी म्हणायला मी काय मंत्री आहे?"

तिच्या नाचात मोर नसायचे, राधा नसायची, फुलं उधळणं तर नाहीच. बुजवलेली तळी, तुंबलेली गटारं, आडनाव ऐकून भाड्याचं घर नाकारणारे मालक, मतं मागायला येऊन चपलाही न काढणारे उमेदवार, असल्या गोष्टींवर ती तास-तासभराची नृत्यनाट्यं बसवायची. लहानपणी ती घुंगरू बांधून रीतसर भरतनाट्यम शिकली होती. ते तिनं का सोडलं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "सारखं देवाला बोलवायचं आणि तो यायचा नाही. कंटाळा आला." कार्यक्रमानंतर कोणी 'किती सुंदर' म्हटलं की ती वैतागायची. "सुंदर? अहो, गटाराबद्दल होता तो."

मला तिनं पहिल्यांदा थांबवलं ते यशवंतपूरच्या आमच्या कॉलेजात, गॅदरिंगच्या तालमीला. इथे एक सांगून टाकते: आमच्या घरात बी.कॉम.पर्यंत पोचलेली मी पहिली. हे मी पुढेही दोन-तीनदा सांगेन, सवय आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डात पोती उचलायचे. आई कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना कॉलर जोडायची. आज हे मी छाती पुढे काढून सांगते. तेव्हा सांगायची नाही. मैत्रिणींना मी सांगितलं होतं, आई फॅशन लाइनमध्ये आहे.

तर तालमीत आम्ही आठ जणी पुठ्ठ्याचे विळे घेऊन, दात दाखवत, शेतकरी नृत्य करत होतो. पाहुणी म्हणून आलेली अक्का खुर्चीतून उठली.

"थांबा. एवढं हसत काय कापताय? केक?"

गाणं पुढे वाजतच होतं. तिनं विचारलं, "इथे कोणाची आई मान मोडून, कंबर मोडून काम करते?" एकही हात वर गेला नाही. माझ्या कुर्त्याला खिसा नव्हता, तरी मी हात कुठेतरी लपवला. ती चालत येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"तू मान अशी डावीकडे का धरतेस गं?"

"कशी?"

"घरात कोणीतरी मशीनवर बसतं. बघून बघून तुझीही मान तशीच झाली आहे. आई का?"

"आई फॅशन लाइनमध्ये आहे."

अक्का स्टेजच्या कडेला खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "बरं, फॅशन लाइन. रविवारी ये." पुढची चार वर्षं तिनं मला रेणुका या माझ्या नावानं क्वचितच हाक मारली.

तिचा हॉल बसवनगुडीत, कॉफीपूड दळणाऱ्या दुकानाच्या वर. खाली यंत्र सुरू झालं की वरची फरशी थरथरायची आणि आमच्या घामालाही कॉफीचा वास यायचा. हॉलमध्ये आरसा होता, पण त्यावर जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली. "आरशात बघून नाचणारा स्वतःच्या प्रेमात पडतो," अक्का म्हणायची, "मग मुद्दा राहतो दाराबाहेर चपलांपाशी." तिला अहो-जाहो चालायचं नाही. कोणी 'मॅडम' म्हटलं की ती त्याला खाली कॉफी आणायला पाठवायची. नवीन माणसं पहिल्या आठवड्यात बरेच जिने चढायची.

आमच्यात निखिल होता, पुण्याहून आलेला, मारतहळ्ळीला कॉम्प्युटर कंपनीत कामाला. शनिवार-रविवार येऊन मनापासून दुःखी व्हायचा. "अक्का, या सीनमध्ये मी पेन कसं एक्सप्रेस करू? आय मीन, आतून?" अक्का त्याच्याकडे पाहत राहायची. "निखिल, तुझं दुःख फार इस्त्रीचं आहे रे. जरा चुरगळून आण." तो नम्रपणे वहीत लिहून घ्यायचा. वही बघून अक्का अजूनच चिडायची. पण त्याच निखिलनं पुढे सफाई कामगारांवरच्या नाचासाठी महिनाभर पहाटे उठून झाडूवाल्यांच्या मागे फिरत त्यांची मनगटं बघितली, हेही खरं.

कारण तीच अक्काची पद्धत. आधी बघायचं. पंधरा दिवस नुसते हात बघायचे, पंधरा दिवस नुसत्या पाठी. पाय कधी उचलायचे ते ती सांगणार. आणि नाच बसला, की पहिला प्रयोग कधीही तिकीटवाल्यांसमोर नाही. ज्यांच्यावर नाच आहे त्यांना बोलवायचं, पहिल्या रांगेत बसवायचं आणि प्रत्येकाच्या हातात एक स्टीलचं ताट आणि चमचा द्यायचा. स्टेजवर काही खोटं वाटलं की वाजवायचं. वाजलं की आम्ही थांबायचं, काय चुकलं ते विचारायचं, दुरुस्त करायचं आणि पुढे जायचं. सफाई कामगारांनी पहिल्याच प्रयोगाला इतक्या वेळा ताटं बडवली, की तासाभराचा नाच दुपारी सुरू होऊन दिवेलागणीला संपला. एक बाई तर स्टेजवर चढून निखिलच्या हातातला झाडूच घेऊन म्हणाली, "असा धरलास तर दोन दिवसांत कंबर जाईल, राजा." त्या दिवशी नगरसेवकही आले होते. त्यांनीही कौतुकानं ताट मागितलं. अक्का म्हणाली, "तुम्ही रस्ता झाडलाय का? मग नुसतं बघा."

मग गारमेंटच्या बायकांवर नाच करायचं ठरलं. अक्कानं सगळ्यांना विचारलं, कोणाला काय माहीत आहे? निखिलनं इंटरनेटवरून काहीबाही वाचलं होतं. अक्का माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, हे मुद्दाम. शेवटी मलाच राहवलं नाही. मी म्हटलं, "त्यांच्या कारखान्यात एका लाइनीला एकच पास असतो. लाकडी. संडासला जायचं तर तो घेऊन जायचा. तो परत येईपर्यंत दुसरीनं उठायचं नाही. म्हणून माझी आई सकाळपासून पाणी पीत नाही."

अक्का इतकंच म्हणाली, "नाच हाच. मधला भाग तू करायचास." आणि वर, "आईला विचार, ताट धरायला येते का."

आईला मी जेवताना विचारलं. ती म्हणाली, "सुपरवायझरला कळलं तर?" मग म्हणाली, "तू नाचणार? बी.कॉम. करून?" मग बराच वेळ आमटी ढवळत राहिली. "माझ्यावर नाच? आमच्यात नाचण्यासारखं काय आहे गं? बसूनच असतो की आम्ही दिवसभर." अण्णा मध्येच म्हणाले, "जा की. मला बोलावलं असतं तर मी गेलो असतो." आई म्हणाली, "सरी, बरं, बघू."

महिनाभर मला दोनच गोष्टींची भीती होती. एक, आई येणार नाही. दोन, आई येईल.

ती आली. यशवंतपूरच्या एका समाजमंदिरात, रविवारी दुपारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी. लाइनीतल्या अकरा बायका घेऊन आली, लग्नातली रेशमी साडी नेसून. दारातच अक्कानं हात जोडले, "या सुमित्राअक्का, बसा," आणि लगेच मागे वळून ओरडली, "ए फॅशन लाइन, तुझी आई आली!" मी पडद्याआड होते. फटीतून मला आईचा चेहरा दिसला. तिच्या कपाळावर एक आठी आली, आणि मग ती आठी गेली. जाणं जास्त वाईट होतं. तिनं ताट घेतलं, मांडीवर पालथं ठेवलं आणि चमचा पर्समध्ये टाकून पर्सची चेन लावली.

नाच सुरू झाला. बाकीच्या बायका पहिली पाच मिनिटं लाजल्या आणि मग अशा सुटल्या, की काही विचारू नका. टण्ण: दोरा असा तोडत नाहीत. टण्ण: सुपरवायझर एवढा देखणा नसतो. (निखिल खूश झाला, त्यालाही अक्कानं लगेच झापलं.) आईचं ताट पालथंच.

मग माझा भाग. मी महिनाभर त्यात जीव ओतला होता. मशीनवर एकटी बसलेली बाई, तिला जायचंय, पास येत नाही. मी पोट दाबून वाकत गेले, खांदे पाडले, आणि शेवटी मशीनवर डोकं टेकून हुंदका दिला. तालमीत हे बघून निखिल खरोखर रडला होता. माझा हुंदका अर्धा असताना मला पर्सच्या चेनचा आवाज आला.

टण्ण.

असं ताट मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. मी तशीच वाकलेली थांबले.

अक्कानं विचारलं, "काय चुकलं, सुमित्राअक्का?"

"ही रडतेय."

"तुम्ही रडत नाही?"

"रडतो की. घरी. मशीनवर रडलं तर कॉलरला डाग पडतो, पीस रिजेक्ट होतो. आणि ही अशी आडवी पडली तर तासाचं टार्गेट काय हिचा अण्णा पुरं करणार?"

अकरा बायका खिदळल्या. अक्का हसली नाही. "मग काय करता ते दाखवता?"

मला वाटलं, आई नाही म्हणेल. ती उठली, चपला काढून स्टेजवर आली, मला हातानं बाजूला सरकवून माझ्या स्टुलावर बसली. पाठ ताठ. मान डावीकडे. समोर मशीन नव्हतं, पण तिच्या बोटांखालून कॉलर सरकताना आम्हाला दिसली. "पास आला की," ती हात न थांबवता म्हणाली, "आधी बघायचं, कोणाला जास्त गरज आहे. आमची शांता पोटुशी होती तेव्हा आम्ही तिघी आपापली पाळी तिला द्यायचो. असं." तिनं हनुवटी जेमतेम बोटभर हलवली. "तोंडानं बोललं तर सुपरवायझर येतो. आणि तो ओरडायला लागला, की सगळ्या जणी एकदम पॅडल दाबतो. तीस मशिनी. ओरड म्हणावं स्वल्प अजून." पहिल्या रांगेतल्या अकरा जणींनी बसल्या जागी पाय दाबले. त्या समाजमंदिरात एकही मशीन नव्हतं, पण तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

मग आई उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हळू बोलली, पण स्टेजवर हळू बोललेलं जास्त लांब जातं, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं.

"फॅशन लाइन म्हणजे मीच ना? दारातच कळलं. कॉलेजात मला लपवलंस, त्याचा राग नाही. वय असतं. पण इथे चार लोकांसमोर मला रडकी केलीस, त्याचा राग आला."

मी कोणाकडे बघणार? अक्काकडे बघितलं. अक्का म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? ताट तुझ्यासाठी वाजलंय." आणि तालमीच्या आवाजात पुढे: "पुन्हा. त्या स्टुलापासून. आणि हुंदका कोणाला दिसला तर मी ताट डोक्यात घालीन."

मी पुन्हा केलं. पाठ ताठ ठेवून, हनुवटी बोटभर हलवून. ताट वाजलं नाही. नाच संपल्यावर आईनं माझी वेणी नीट केली. तेवढंच.

या नाचाचं नाव झालं. एका मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं, थंडगार हॉल, मखमली खुर्च्या. मी अर्ध्या कॉलेजला सांगून ठेवलं. या वेळी आई काय करते तेही खरं सांगितलं. प्रयोगाला आठवडा असताना आयोजकांचा एक गोड बोलणारा माणूस आला. पहिल्या रांगेत पाहुणे बसणार, त्यामुळे ताटं नकोत. आणि तो संडासचा भाग जरा सौम्य. "अक्का, स्वल्प अॅडजस्ट करा."

"'स्वल्प अॅडजस्ट' या दोन शब्दांनी या शहराचं निम्मं वाटोळं केलंय," अक्का म्हणाली आणि त्याला जिना दाखवला. महोत्सव गेला. आम्हाला तिनं विचारलंसुद्धा नाही. मी खूप भांडले. म्हटलं, दुसऱ्यांच्या हातात ताट देतेस, आमच्या हातात कधी दिलंस? दुसऱ्या रविवारी हॉलमध्ये आमच्या प्रत्येकाच्या चपलांपाशी एकेक ताट ठेवलेलं होतं. माफीबिफी काही नाही. पहिल्याच तासात निखिलनं दोनदा वाजवलं. तिनं दोन्ही वेळा दात-ओठ खाल्ले आणि थांबली.

मला नोकरी लागली ती मारतहळ्ळीला, एका कंपनीत, माणसांचं खातं सांभाळायची. रजा, हजेरी, तक्रारी. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली. आईही बसूनच करते, पण तिच्या स्टुलाला पाठ नाही. पेढे घेऊन अक्काकडे गेले. तिनं दोन उचलले, एक तोंडात टाकला आणि काम काय ते नीट विचारून घेतलं.

"म्हणजे आता पास तुझ्या हातात गं."

एवढंच म्हणाली. मला त्यानंतर कोणाच्याही रजेच्या अर्जावर सुखानं 'नाही' लिहिता आलेलं नाही. साहेबांना वाटतं, मी मऊ आहे.

गेल्या वर्षी ती आजारी पडली आणि तिच्या स्वभावाप्रमाणेच, फार वेळ न लावता गेली. आजारपणात मी भेटायला गेले तेव्हा एक तरुण डॉक्टर तिला सांगत होता, "छान प्रगती आहे, आजी." तिनं चहाचा चमचा शोधला आणि पेल्यावर आपटला. डॉक्टर दचकला. "नीट सांग," ती म्हणाली, "जसं आहे तसं." तो खुर्ची ओढून बसला आणि त्यानं नीट सांगितलं. तिनं त्याला शाबासकी दिली. मला म्हणाली, "रेणुका, हा शिकण्यासारखा आहे." माझं नाव ऐकून मला कळलं, काय ते.

शोकसभा हॉलवरच झाली. खाली दुकानदारानं यंत्र बंद ठेवलं होतं, त्यामुळे फरशी थरथरत नव्हती आणि सगळं परकं वाटत होतं. निखिलनं पहिल्या रांगेत मधली एक खुर्ची रिकामी ठेवली होती, तिच्यावर ताट आणि चमचा. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याचं ताट. ते वाजवायला आता कोणी नव्हतं, आणि भाषणं करणाऱ्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. अक्का तपस्विनी होती. अक्का शांतीची मूर्ती होती. महोत्सवाचा तो गोड माणूसही आला होता, तो म्हणाला, "त्या कधी कोणाला लागेल असं बोलल्या नाहीत."

आई माझ्या शेजारी बसली होती. ती उठली, पुढे गेली, रिकाम्या खुर्चीवरचं ताट उचललं आणि स्वतः त्या खुर्चीत बसली.

टण्ण.

"काय चुकलं?" निखिलनं सवयीनं विचारलं.

"बाई शिव्या द्यायची," आई म्हणाली. "चांगल्या द्यायची. यांनापण दिल्या असणार."

हॉल असा हसला, की खालून दुकानदार बघायला वर आला. गोड माणसानं मान्य केलं, की हो, दिल्या होत्या. आणि कोणत्या, तेही सांगितलं. मग एकेक जण उठून खरं बोलू लागला. कोणाला तिनं रडवलं होतं, कोणाची तालीम मोडली होती, कोणाच्या लग्नात जेवणाआधी मांडवातच हुंड्यावरून वाद घातला होता. ती शोकसभा अक्काला आवडली असती. तिनं निदान पाच वेळा थांबवली असती, एवढंच.

माझी पाळी आली. मी कागद आणला होता, तो घडी करून ठेवला. भांडण सांगितलं, पेढ्यांचं सांगितलं. आईचा चमचा हलला नाही. मला धीर आला. मी शेवटचं वाक्य म्हटलं, "अक्कानं मला माझी आई दाखवली."

टण्ण.

"बाईनं नाही," आई म्हणाली. "बाईनं ताट दिलं. वाजवलं मी."

मी दुरुस्त केलं.

ते ताट आता आमच्या घरी आहे. काठाला एक पोचा आहे, तो यशवंतपूरच्या त्या दुपारचा; निखिलनं मुद्दाम तेच ठेवलं होतं. आई त्यातच जेवते. ती जेवत असते आणि मी ऑफिसातलं सांगत असते: कोणाला रजा दिली, कोणाला का नाही दिली, कोण कसं चुकलं आणि मी कशी बरोबर होते. मध्येच चमचा ताटावर आपटतो. कधी ती शेवटचा भात गोळा करत असते, कधी मुद्दाम असतं. मी दोन्ही वेळा थांबते.